नळीतलं पोस्टर

“उन्हात आणलं तर रंग उडणार, अज्जा. अंधारात ठेवलं तर आईला दिसणार नाही. मी करू तरी काय?”

सदाशिव मगदूम असं बोलला आणि उपरण्यानं कपाळ पुसत बसला.

गडहिंग्लजच्या पुढं माळावर एक जुना मठ आहे. तिथले म्हातारे स्वामी, चन्नय्या अज्जा, ओसरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. मठात येईल त्याला जेवण असतं, म्हणून शेंगांचा ढीगही तसाच होता. अज्जांनी मान वर केली नाही. ढिगातल्या शेंगा थोड्या सदाशिवच्या पुढ्यात सरकवल्या.

“सोल. सोलत सांग.”

सदाशिव कोल्हापूरचा. चांगला शिकलेला, बँकेत मोठ्या खुर्चीवर बसलेला माणूस. पण त्याचा जीव बँकेत नव्हता, जुन्या पिक्चरच्या पोस्टरांत होता. पुण्या-मुंबईची माणसं त्याचं घर बघायला यायची. देवळात गेल्यासारखी चपला बाहेर काढून आत जायची.

आणि घर तरी कसं? एकेका पोस्टराला काचेची चौकट. काच कागदाला चिकटू नये म्हणून मधे बारीक पट्टी. भिंतीची ओल लागू नये म्हणून चौकट भिंतीपासून बोटभर पुढं. वर प्रत्येकाला काळा पडदा, देवाला असतो तसा. उगवतीच्या आणि मावळतीच्या खिडक्या कायमच्या बंद.

त्याची बायको शेजारणीला म्हणायची, “आमच्यात खिडकी उघडली की फोडणी द्यायची नाही, आणि फोडणी दिली की श्वास घ्यायचा नाही.”

हे सगळं सदाशिवनं अज्जांना सांगितलं. बायकोचं सोडून. सांगताना त्याची मान ताठ झाली. शेंगा हातातच राहिल्या.

“लोक चिकटपट्टी लावतात, अज्जा. खिळे ठोकतात. प्लास्टिकमध्ये घालून घेतात. चार वर्षांत कागद पिवळा पडतो, मोडतो. माझ्याकडचा एक कागद मोडलेला दाखवा.”

“बरं.”

“वास बघूनसुद्धा कसर लागलीय का ते सांगतो मी.”

“बरं.”

अज्जांनी दाणे सुपात टाकले.

“मग आता काय बिघडलं?”

सदाशिवनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

बिघडलं ते असं. एका भंगारवाल्याच्या माळ्यावर त्याला एक जुनं पोस्टर सापडलं. कोल्हापुरातच काढलेल्या बोलपटाचं. तो बोलपट आला नि गेला. त्याची फिल्मही आता कुठं उरलेली नाही म्हणतात, आणि दुसरं पोस्टरही कुणाकडं नाही. सदाशिव ते छातीशी धरून घरी आला. जेवायला बसल्यावर पिक्चरचं नाव मोठ्यानं घेतलं.

त्याची आई गौराक्का ताटात भाकरी वाढत होती. भाकरी हातातच राहिली.

“त्यात मी आहे की रे,” ती म्हणाली.

सदाशिवनं हातातला घास ताटात ठेवला.

गौराक्का नवी नवरी असताना शेजारची तानूबाई तिला स्टुडिओत घेऊन गेली होती. पाणवठ्याच्या गर्दीला बायका हव्या होत्या. घागर तिकडं मिळेल, लुगडं आपलं आपण नेसून या, असा निरोप होता. सासूला सांगितलं, देवीला जाऊन येते. गेली, कमरेवर घागर घेऊन उभी राहिली, आणि परत आली. पिक्चर थेटरात लागला तेव्हा मात्र जायचं धाडस झालं नाही. पुन्हा तो लागलाच नाही.

सदाशिवनं भिंग आणून पाहिलं. नायिकेच्या मागं बायकांची रांग. एकीच्या हनुवटीवर गोंदण. आईच्या आहे तसंच.

मग त्या पोस्टरावर त्याचा दुप्पट जीव बसला. इतर पोस्टरं भिंतीवर लावली, हे भिंतीवरसुद्धा लावलं नाही. पातळ कागदात गुंडाळलं, मोठ्या नळीत घातलं, नळीला मऊ कापडाचा अभ्रा शिवून घेतला आणि कपाटात ठेवलं. कुलूप लावलं.

“आणि आई?” अज्जांनी विचारलं.

“आईला दाखवलं की. संध्याकाळी, मंद दिव्यात. तिला काही दिसेना. ‘पांढरा कागद दाखवतोस होय मला?’ म्हणाली.”

“मग?”

“डॉक्टरांकडं नेलं. डोळ्याच्या आतला पडदा सुकत चाललाय म्हणाले. औषध नाही. लख्ख उन्हात धरलं तर दिसतं थोडं. तेही... फार दिवस नाही.”

“ती काय म्हणते?”

“काही नाही म्हणत. रोज सकाळी अंगणात ऊन आलं की तिथं जाऊन बसते. मी बाहेर पडताना माझ्या हाताकडं बघते. हातात काय आहे ते.”

अज्जांनी एक शेंग सोलली. आत दाणा नव्हता. साल बाजूला टाकलं.

“तू ते पोस्टर बघतोस कधी?”

“उघडत नाही, अज्जा. उघडलं-गुंडाळलं की जुन्या घडीवर रंग सुटतो.”

“म्हणजे नळी बघतोस.”

सदाशिवला राग आला. पण मठात बसून रागवायचं कसं? त्यानं शेंग जोरात मोडली.

“फोटो काढून दाखवला असता, अज्जा. मोठा करून. पण ती नको म्हणते. म्हणते, ‘फोटोचा फोटो कशाला? माणूस भेटायला आलं की त्याची सावली दाखवतोस का?’”

अज्जा पहिल्यांदा हसले.

“दोघींना घेऊन ये.”

“दोघी कोण?”

“एक अंगणात बसलीय. एक कपाटात.”

सदाशिव जायला उठला तो मनाशी ठरवूनच, की यायचं नाही. एसटीत धूळ, वाटेत घाट, माळावर ऊन. पण घरी पोचला तेव्हा आई अंगणातच होती. ऊन केव्हाच भिंतीवर चढून गेलं होतं, आणि ती तशीच तोंड वर करून बसलेली. पावलांचा आवाज ऐकून तिनं आधी त्याच्या हाताकडं मान वळवली.

सोमवारी तो आईला घेऊन निघाला. काखेत नळी, हातात मोठी काळी छत्री.

मठाच्या अंगणात दगडी कट्टा आहे. अज्जांनी तो पाण्यानं धुऊन वाळवून ठेवला होता. वर स्वच्छ धोतर अंथरलं होतं. चार गोटेही घासून फडक्यात बांधून ठेवले होते, कागदाच्या चार कोपऱ्यांवर ठेवायला. सदाशिवनं कट्टा हातानं चाचपून पाहिला, धोतराचा वास घेतला, गोटे उचलून बघितले. खोड काढायला काही सापडलं नाही.

“शरणु, अज्जा,” गौराक्का हात जोडून म्हणाली.

“शरणु. बसा, गौराक्का. तुम्हाला भेटायला कुणीतरी आलंय.”

“माझ्याबरोबरच एसटीतनं आलीय ती. वाटभर बोलली नाही.”

सदाशिवनं हात धुतले, कोरडे केले. नळीतून गुंडाळी काढली, नुकतं जन्मलेलं मूल उचलावं तशी. हळूहळू उलगडली. गोटे ठेवले. आणि शेवटचा गोटा ठेवायच्या आधीच त्यानं छत्री उघडून पोस्टरावर धरली.

कट्ट्यावर काळी सावली पडली.

गौराक्का वाकली. डोळे बारीक केले. मोठे केले.

“काय दिसतंय का, आई?”

“...नाही रे.”

“नीट बघ. उजव्या अंगाला.”

“उजवं कुठलं तेच दिसत नाही, सदा. ऊन डोळ्यात येतंय आणि पुढं नुसता अंधार.”

सदाशिवनं छत्री थोडी तिरकी केली. सावली तिथंच राहिली.

अज्जा ओसरीवरून उठले. सदाशिवच्या मुठीतनं छत्रीचा दांडा काढून घेतला, दोन पावलं सरकले आणि छत्री गौराक्काच्या डोक्यावर धरली.

पोस्टर उघड्या उन्हात आलं.

सदाशिवच्या घशातनं आवाज निघाला. हात पुढं गेला. पण अज्जांकडं बघून मधेच थांबला.

गौराक्का वाकली. पार वाकली. नाक कागदाला लागेल इतकी. वारा नव्हता. मठाच्या पिंपळावर एक कावळा ओरडून गप्प झाला.



मग तिचं बोट वर आलं.

“बोट लावू नको, आई!”

बोट कागदाच्या वर थांबलं. तसंच अधांतरी पुढं सरकलं.

“ही तानूबाई. बघ कशी उभी राहिलीय मेली, नायिका आपणच असल्यागत. ही कुंभारवाड्यातली, नाव आठवंना. हिला सारखी खोकल्याची उबळ यायची, सायेब ओरडायचा. ही...”

बोट थांबलं.

“ही मी.”

सदाशिवनं डोळे मिटले. कशासाठी ते त्याचं त्याला ठाऊक.

तेवढ्यात गौराक्का हसायला लागली. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून. हसता हसता तिला ठसका लागला.

“काय झालं, आई?”

“निळं! अरे, निळं केलंय मेल्यानं!”

“काय निळं?”

“माझं लुगडं.”

“निळंच आहे की,” सदाशिव म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा पोस्टरवाल्याचा झाला. “तसला निळा आता कुठं मिळत नाही, आई. बाकी सगळ्या कागदांवर तोच सगळ्यांत आधी उडतो. इथं तेवढा राहिलाय. त्या निळ्यासाठीच तर मी याला उजेड दाखवत नव्हतो.”

“हिरवं होतं ते.”

“आई, इथं निळं आहे.”

“असेल. नेसले मी होते.”

सदाशिव पुन्हा कागदावर वाकला.

“इरकली होतं. हिरवंगार, कवळ्या चिंचेच्या पाल्यासारखं. काठ लाल. माझ्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं. तानूबाई म्हणाली, जाड लुगडं नको, उकडेल. मी म्हटलं, पिक्चरात जायचं तर आईचं लुगडं नेसूनच जाणार. म्हणजे आईपण आली असं होईल.”

तिनं डोळे पुसले. पुन्हा वाकली.

“पण रंगवणाऱ्यानं...” सदाशिव म्हणाला.

“त्याला काय ठाऊक? पिक्चर काळा-पांढरा. त्याच्या पुढ्यात फोटोही तसलाच असणार. डब्यात निळा रंग उरला असेल, लावला. मला थोडंच विचारायला आला?”

ती हे सहज बोलली. रागानं नाही. बोलून पुन्हा कागदाकडं बघायला लागली. तानूबाईकडं बघून पुन्हा हसली.

सदाशिव मात्र उभाच. भिंग घेऊन त्यानं हे पोस्टर कणाकणानं पाहिलं होतं. कागद कुठल्या गिरणीचा असेल, शाई कसली असेल, छापायचा दगड कुठं सरकला असेल, सगळं सांगितलं असतं त्यानं. पुण्याच्या माणसांपुढं त्या निळ्यावर तो तासभर बोललाही होता.

“तू कधी बोलली नाहीस, आई.”

“तू विचारलंस होय? तू तर भिंग घेऊन बसलास. आणि मग कुलूप घातलंस.”

सदाशिवनं अज्जांकडं पाहिलं. अज्जा आभाळाकडं बघत होते. छत्री त्यांच्या हातात स्थिर होती. छत्रीखाली गौराक्काचे पिकले केस तेवढे सावलीत. बाकी सगळं उन्हात.

ऊन आणखी वर आलं. कागदावरचा निळा झळकायला लागला.

सदाशिवच्या हाताची सवय जाईना. बोटं आपोआप कोपऱ्यावरच्या गोट्याकडं गेली.

“आई, बास झालं आता. गुंडाळतो.”

“थांब की. एकदा घागर बघते. घागर तरी नीट काढलीय का मेल्यानं.”

“अज्जा, सांगा हो तिला...” सदाशिव अगदी काकुळतीला आला. “रंग उडतोय!”

अज्जांनी छत्री या हातातनं त्या हातात घेतली. गौराक्कावरची सावली हलू दिली नाही.

“उडू दे. उडतोय तो निळाच.”