वाऱ्यावरचं रोप

फार फार वर्षांमागे, जेव्हा झाडं माणसांशी बोलत आणि माणसं हातातलं काम टाकून ऐकत, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक बाई एकटीच राहत असे. तिचं तान्हं मूल तापाने गेलं होतं. वारं लागलं म्हणून गेलं, असं गाव म्हणालं. गावाचं काय, त्याला काहीतरी म्हणायचंच असतं. पण बाईने ते मनाला लावून घेतलं आणि घराच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या.

एकदा ती रानात सरपणाला गेली. तिथे एक म्हातारा उंबर उन्मळून पडला होता. त्याच्या फांदीला करड्या-हिरव्या पानांचं एक रोप बिलगून होतं.

उंबर म्हणाला, "बाई, माझं आता संपलं. हे लेकरू तेवढं घेऊन जा. बांडगूळ नव्हे हो ते, माझा थेंबभर रसही त्याने कधी घेतला नाही. त्याला माती नको, कुंडी नको. अधूनमधून पाण्यात बुचकळ, उलटं धरून झटक आणि वाऱ्यावर सोड. सांभाळशील ना?"

"जिवापाड सांभाळीन," बाई म्हणाली. तिने रोप पदरात घेतलं. किती दिवसांनी तिच्या पदरात काही आलं होतं! घरी येईपर्यंत ती रडत होती.

तिने रोपाला न्हाऊ घातलं, पण उलटं काही धरवेना. "लेकराला कुणी उलटं धरतं का?" असं म्हणत तिने ते मऊ फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवेलागणीला दृष्ट काढायची.

काही दिवसांनी रोप क्षीण आवाजात म्हणालं, "आई, खिडकी उघड ना. मला वाऱ्यावर सोड."

बाईच्या काळजात चर्र झालं. "असं अभद्र बोलू नये, बाळा. मी का तुला वाऱ्यावर सोडीन?"

"पण माझं पोट वाऱ्यावरच भरतं गं."

"पोटाचं मी बघते," बाई म्हणाली आणि तिने पळीभर पाणी जास्तच घातलं.

त्यानंतर रोप बोललं नाही. वरून हिरवंगार दिसे, म्हणून बाई निश्चिंत होती. आत मात्र साठलेल्या पाण्याने त्याचा गाभा कुजत चालला होता.

एका सकाळी तिने ते उचललं, तर नुसती पानं हातात आली. काळा पडलेला गाभा फडक्यातच राहिला. बाईने टाहो फोडला तशी शेजारीण धावत आली.

"मी काय कमी केलं गं त्याचं?" बाई विचारत राहिली.

शेजारणीने तिला जवळ घेतलं. तिचेही डोळे भरून आले होते. "कमी काहीच केलं नाहीस, बाई," ती म्हणाली. "कमी करायचं तेवढं राहिलं."

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, ध्यानात ठेवा: माया आपली असली, तरी ती दुसऱ्याच्या जिवाला विचारून करावी.