कुंतलेची वेणी आणि गंगेचा वर

पूर्वी, कृतयुग सरत आले होते तेव्हा, विंध्याच्या पायथ्याशी, जिथे होमधूम आणि आम्रमोहोर यांचे सुगंध एकमेकांत मिसळून जात, त्या तपोवनात ऋतंभर मुनींचा आश्रम होता. त्यांची सहधर्मचारिणी कुंतला एकदा गंगामाईला नवस बोलली होती : ''आई, माझी कूस उजव. मूल झालं की पुढच्या माघात संगमावर येऊन माझी वेणी तुला वाहीन.'' आषाढमेघासारखी काळीभोर, गुडघ्यांपर्यंत रुळणारी ती वेणी! गंगेने ऐकले. भाद्रपदात कुंतलेला कन्या झाली. नाव ठेवले इरा.

त्या युगाची एक रीत होती. केस गळला की त्याचे रोमकूप कायमचे मिटे. गेलेला केस पुन्हा उगवत नसे.

मार्गशीर्षात एका सकाळी कुंतलेच्या फणीत केसांचा पुंजका आला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा. तिच्या मनात आले, नवसाची वेणीच उरली नाही, तर देवी दिलेले परत तर नेणार नाही? ती गळलेले केस पळसाच्या द्रोणात झाकून ठेवी आणि घटकाभराने पुन्हा उघडून बघे. ताक घुसळता घुसळता हात डोक्याकडे जाई. इरेला थोपटता थोपटता उठून ती अंगणात येरझारा घाली.

'देवी कोपली' असे मनाशी धरून तिने कडक उपास आरंभिला. तुळशीचे पान आणि घोटभर पाणी, बस्स. एकही केस निसटू नये म्हणून वेणी इतकी आवळून बांधली की कपाळ ठणकू लागले. पण उपास वाढला तशी फणी अधिकच भरू लागली, आणि आवळलेले केस कानशिलांपाशी मुळापासून सुटू लागले. दूधही आटले. इरा भुकेने किरकिरू लागली.

थोरली जाऊ मेधा एकदा म्हणाली, ''काय गं, गंगेला वेणी वाहणार आहेस की शेंडी?'' मग कुंतलेचा चेहरा पाहून तीच वरमली. ''अगं, थट्टा केली. चार घास खा बाई. पोर रडतेय.''

''नवस फिटेपर्यंत नको, जाऊबाई. तिच्यासाठीच तर करतेय सगळं.''

माघ उजाडला. कुंतला ऋतंभरांच्या आधाराने संगमावर पोहोचली. वेणीदानाच्या रीतीप्रमाणे वेणी कापायचा क्षुर पतीच्या हाती होता. इरेला उराशी धरून ती वाळूत बसली आणि म्हणाली, ''स्वामी, मुळापासून कापा. उरलंय तेवढं तरी वेळेत पोचू दे.''

ऋतंभरांनी क्षुर वेणीला लावला. त्याच क्षणी शुभ्र जलौघ दुभंगला आणि मकरवाहिनी, त्रितापहारिणी भागीरथी प्रकट झाली.

''थांब, मुने! कुंतले, मी तुझ्याकडे वेणी मागितली होती की तुझी भूक?''

''आई, वेणी झडली. माझं चुकलं असेल ते पदरात घे, पण माझी इरा परत मागू नकोस!''

''दिलेले मी परत घेत नाही, मुली. हा माझा कोप नव्हे. गर्भ वाढवताना तुझ्या देहाने सारे केस जागे ठेवले होते. प्रसूतीनंतर ते एकदम निजले आणि आता गळत आहेत. भुकेने, चिंतेने आणि त्या आवळलेल्या गाठीने तू त्यात भरच घातलीस. तरीही तुझी निष्ठा मला पोहोचली. ऐक माझा वर! तुझी मिटलेली रोमकूपे पुन्हा उघडतील. आजपासून प्रत्येक केस कित्येक वर्षे वाढेल, मग थोडासा थबकेल, मग काही महिने निजेल आणि गळेल. पण त्याच रोमकूपातून नवा अंकुर फुटेल. आणि सारे एकदम निजू नयेत म्हणून प्रत्येकाची वेळ निराळी असेल. मात्र ज्वर, उपासमार, प्रसूती किंवा मोठे दुःख आले, तर पुष्कळ केस एकदमच निजतील, आणि त्याची खूण महिन्यांनंतर फणीत दिसेल.''

ऋतंभरांनी संकोचाने आपल्या तुळतुळीत मस्तकावरून हात फिरवला. ''माते, आणि हे?''

गंगा हसली. ''ते तुमच्या वाडवडिलांच्या बीजातून आले आहे, मुनिवर. तिथे माझा इलाज चालणार नाही!''

मग तिने वेणीचे टोक तेवढे स्वीकारले, बोटभर. ''मला एवढे पुरे. बाकीची तुझ्या पाठीवरच शोभू दे.'' आजही संगमावर सौभाग्यवती वेणीचे टोकच वाहतात, ते तेव्हापासून.

कुंतलेने तिथेच वाळूत बसून दहीभात खाल्ला. वसंत सरता सरता तिच्या कपाळाशी लव्हाळ्यासारखे कोवळे केस उभे राहिले, आणि दूध पिता पिता इरा नेमके तेच मुठीत धरू लागली.

तर बायांनो, नवस जरूर बोला, पण भरल्या ताटाला पाठ फिरवू नका. फणीत केस आले तर देवाला कोपिष्ट म्हणू नका. वेणी सैल सोडा, पोटभर जेवा, आणि कुंतलेने पाहिली तशी नव्या अंकुराची वाट पाहा.