मिल्डाने धुतलेली काथवट

एकदा काय झालं, लांब तिकडे लिथुआनिया देशात, जिथं बर्फ पार खिडकीपर्यंत चढतो, तिथं एका खेड्यात मिल्डा नावाची नवी सून आली. माहेर शहरातलं. तिथं पाव विकतचा यायचा. मग बिचारीला काय ठाऊक!

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथं कूचिओसचा सण. पानात बारा पदार्थ हवेत, बरं का. बिटाचं सार, खारवलेला मासा, रानातली अळंबी, खसखशीच्या दुधात भिजवलेली चिमुकली बिस्किटं, आणि मधोमध राय नावाच्या धान्याचा काळा पाव. बारापैकी एक जरी चाखायचा राहिला, तर पुढचा सण दिसत नाही म्हणे!

सणाच्या आदल्या दिवशी सासूबाई मासे आणायला तळ्याकाठच्या गावी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "पाव यंदा तुझ्या हातचा हं, सूनबाई."

मिल्डा हरखली. पीठ मळायची लाकडी काथवट बघते तर तळाला वाळकं, आंबूस पीठ चिकटलेलं. शी! तिनं ती वाळूनं घासली, कढत पाण्यानं धुतली. चकचकीत केली अगदी.

तेवढ्यात सासरे आले. म्हणाले, "काथवटीतलं पीठ तेवढं जप हो पोरी. दह्याला विरजण तसं आमच्या पावाला ते. सात पिढ्यांत कुणी काथवट धुतली नाही."

मिल्डाचे कान लाल झाले. म्हणाली, "हो, हो. ठाऊक आहे की!"

मग तिनं काथवट अंगणात लाकडांच्या ढिगामागे, बर्फात लपवली. आणि निघाली विरजण मागायला. पहिल्या घरी गेली, पण विरजण मागायची लाज वाटली. म्हणाली, "मीठ आहे का थोडं?" दुसऱ्या घरी म्हणाली, "चाळणी द्याल?" तिसऱ्या घरी तर, "सहज आले होते," म्हणून पळालीच! विरजण राहिलं, मीठ आणि चाळणी घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी, सणाच्या संध्याकाळी सासूबाई परतल्या. मेजावरच्या कापडाखाली पसरायला गवत लागतं, ते आणायला मिल्डा गोठ्यात गेली. तिथं तिला रडूच फुटलं. आता त्या संध्याकाळी तिकडे जनावरं बोलतात, बरं का. गाय म्हणाली, "अगं, मला वर्षातून एकदा बोलता येतं. तुला रोज येतं, तरी गप्प?"

मिल्डा तशीच घरात गेली. सगळे मेजाभोवती उभे. मान खाली घालून म्हणाली, "सासूबाई, मी काथवट धुतली. आणि मग लपवली."

सासूबाईंनी हातातला वाडगा खाली ठेवला.

"कुठं लपवलीस?"

"बर्फात."

"बर्फात! अगं वेडे, धुतली तरी लाकडाच्या भेगांत विरजण जिवंत असतं. पण गारठ्यात किती दिवस टिकेल? आण आधी आत!"

मग चुलीशी ठेवून काथवट उबवली. सासूबाईंनी चाळणी मागितली, ती होती. मीठ मागितलं, तेही होतं. पीठ नि कोमट पाणी कालवलं. प्रत्येकानं त्यात बोट बुडवून चाटलं. पावाऐवजी हाच बारावा पदार्थ! सासऱ्यांनी असं तोंड केलं की मिल्डासुद्धा रडता रडता हसली.

काथवटीवर कांबळं घातलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी टुपकन एक बुडबुडा आला!

पुढचा सण सगळ्यांनी पाहिला. दरवर्षी सासरे विचारत, "काय सूनबाई, मीठ हवंय?" आणि दरवर्षी मिल्डाचे कान लाल होत. पण सगळी सुखात राहिली.

चला, शिरा पांघरुणात. पिठासारखे उबेत निजा, नि सकाळी टम्म फुगून उठा.