सुरकुती नको म्हणणारी राणी

एक होती राणी. तिचं नाव केतकावली. राजाही होता हं, उदेभान नावाचा, पण गोष्ट राणीची आहे म्हणून आधी राणी. त्यांचं राज्य होतं खाडीच्या काठावर. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांध होता म्हणून भात होता, बरं का. नाहीतर समुद्र केव्हाच आत आला असता.

राणी रोज सकाळी चिंचेखाली बसायची आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. तिला कोणी घाबरायचं नाही. का? तर तिचा चेहरा. कोणी दुःख सांगितलं की तिच्या भुवया जवळ यायच्या. कोणी गंमत सांगितली की डोळे आधी हसायचे, मग ओठ. लोकांना वाटायचं, ही ऐकतेय. मग ते पोटातलं सगळं सांगून टाकायचे.

गाऱ्हाणी संपली की राणी घोड्यावर बसायची. तिला घोड्याचा भारी नाद. भर दुपारी, उघड्या डोक्यानं, दौडत दौडत बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एकदा काय झालं, राणीला पस्तिसावं लागलं. ती आरशात बघायला गेली, तर डोळ्याच्या कडेला तीन बारीक रेघा. तिला वाटलं, काजळ फिसकटलं. तिनं पदरानं पुसलं. जाईना. पाणी लावून पुसलं. जाईना. मग ती तश्शीच राजाकडे गेली.

"हे बघा काय झालंय!"

राजानं बघितलं. "मला तर काही दिसत नाही."

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघतच नाही!" राणी म्हणाली आणि रागावून निघून गेली. बिचारा राजा!

मग राणीनं दवंडी पिटवली, की जो कोणी या रेघा घालवील त्यानं यावं. तिघं आले. पहिला आला वैद्य. त्यानं हळद आणि साय लावली. कातडी मऊ झाली, रेघा तिथंच. मग आली एक मालीण. तिनं गुलाबाचं पाणी शिंपडलं. वास छान आला, रेघा तिथंच. मग आला एक परका माणूस. पायघोळ अंगरखा, कानात काचेचे डूल, हातात शिशाची डबी. डबीत होता पांढराशुभ्र लेप.

तो म्हणाला, "राणीसाहेब, हा एकदाच लावायचा. आहेत त्या रेघा जातील आणि नवी कधीच पडणार नाही. पण एक आहे. पाण्यानं हा निघत नाही."

"काढायचा कशाला?" राणी म्हणाली. "बदल्यात काय देऊ?"

"काही नको. तुमचं हसू मिळालं की पुरे."

राणीला वाटलं, किती गोड बोलतो! ती हसली आणि म्हणाली, "घ्या." त्यानं लेप लावला आणि तो गेला. कुठं गेला, कोणी पाहिलं नाही.

मग काय! राणीचा चेहरा शंखाच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत झाला. दासी म्हणाल्या, वा! सरदार म्हणाले, वा! राणी खूष झाली. खूष झाली म्हणून हसायला गेली, तर ओठ हलेनात. भुवया हलेनात. बोलता यायचं, गिळता यायचं, पण चेहरा म्हणजे नुसता दगड.

तिची मुलगी होती पोवळी, दोन वर्षांची. पोवळीनं आईपुढे बसून वाकुल्या दाखवल्या. आई हसली नाही. पोवळीनं नाक वर करून दाखवलं. आई हसली नाही. मग पोवळी रडत रडत दाईच्या कडेवर गेली आणि परत येईना. राजा म्हणाला, "पूर्वी तुला न विचारता मला सगळं कळायचं. आता विचारलं तरी कळत नाही."

आणि मग ती गोष्ट झाली.

गोमा नावाचा माणूस बांधाची राखण करायचा. एका सकाळी तो चिंचेखाली आला. "राणीसाहेब," तो म्हणाला, "बांधाला खालून..." आणि त्यानं वर बघितलं. राणीच्या मनात आलं, काय झालं रे बांधाला? पण चेहऱ्यावर काही नाही. गार, पांढरा, दगड. गोमाला वाटलं, रागावल्या. तो म्हणाला, "काही नाही. पाया पडायला आलो होतो." आणि गेला. राणीला वाटलं, पाणी बांधाला जरा वर लागलंय एवढंच सांगायचं असेल. तिनं त्याला थांबवलं नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी उधाणाची भरती आली. बांधाला खालून खेकड्यांनी बिळं पाडली होती, तिथून तो फुटला. खारं पाणी शेतात घुसलं. माणसं झाडांवर चढली म्हणून वाचली. पण पोटरीत कणीस धरलेलं भाताचं पीक गेलं. गावच्या गाव उपाशी राहायची पाळी.

गोमा हात जोडत आला. "मी तेच सांगायला आलो होतो, राणीसाहेब. तुमचं तोंड बघून माझी जीभ लुळी पडली."

राणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण चेहरा तसाच. तो बघून गोमा आणखीच घाबरला. तेव्हा राणीला कळलं, की आपण काय देऊन बसलो.

राजानं कोठारं उघडली, लोकांना जेवू घातलं. राणीनं लेप काढायला घेतला. पाण्यानं धुतला, तेलानं चोळला, ताकानं घासला. निघेना. तेव्हा दाई म्हणाली, "खाडीपलीकडे मिठागराच्या टोकाला भिवरा म्हातारी राहते. नव्वद वर्षांची आहे. तिला लेपांची माहिती आहे."

राणीनं चेहऱ्यावर पदर ओढला आणि एकटीच निघाली. तिला कोणी ओळखलं नाही.

खाडीवर नाव होती, नावेत झिपर तांडेल. राणी बघतच राहिली. त्याचा डावा गाल चाळिशीच्या माणसाचा आणि उजवा गाल ऐंशीचा! उजवीकडे सुरकुत्याच सुरकुत्या, नांगरलेल्या शेतासारख्या.

"तांडेल, असं कसं झालं?"

"काय की, बाई. सकाळी उत्तरेला जातो, ऊन उजव्या गालावर. संध्याकाळी दक्षिणेला येतो, ऊन परत उजव्याच गालावर. तीस वर्षं झाली. पण त्याचं काय, वय झालं की होतंच तसं."

"अहो, डावा गालसुद्धा तेवढ्याच वयाचा आहे की!"

झिपरचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. "अगं बाई," तो म्हणाला, "हे तर माझ्या बायकोलाही सुचलं नाही."

मग राणी पैलतीराला उतरली. तिला तहान लागली होती. एका झोपडीच्या दारात दोन बायका बसल्या होत्या. एकीनं पाणी दिलं. राणी म्हणाली, "आणि या तुमच्या आई का?"

दुसरी फसकन हसली. "मी आई? आम्ही जुळ्या! मी आवडी, ही निवडी. एका घटकेच्या अंतरानं जन्मलो."

खरंच हं. नाक तेच, हनुवटी तीच. पण आवडीच्या ओठांभोवती बटव्याच्या तोंडासारख्या चुण्या आणि रंग राखेसारखा. हातात चिलीम.

निवडी म्हणाली, "पंधराव्या वर्षापासून ओढते. धूर आतून कातडी सुकवतो, सांगून दमले. मी पाणी पिते, पालेभाजी खाते, दिवेलागणीनंतर लवकर आडवी होते."

"आणि झोपेपर्यंत मला बोलते," आवडी म्हणाली.

राणीला हसू आलं, पण बाहेर पडेना. ती पुढे निघाली.

मिठागराच्या टोकाला भिवरा म्हातारी बसली होती. तिचा सगळा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, बोटभर जागा रिकामी नाही. ती म्हणाली, "पदर काढ, पोरी." राणीनं काढला. म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अगं, हा लेप कुठून आणलास? आधी मला सांग, सुरकुती म्हणजे काय ते तरी विचारलंस का कोणाला?"

राणीनं परक्या माणसाचं सगळं सांगितलं आणि मान हलवली. नाही.

मग म्हातारीनं चोळीची बाही वर केली आणि दंडाची आतली बाजू दाखवली. इथली, बरं का, ही इथली. तिथं कातडी पातळ होती, जराशी सैल होती, पण मऊ आणि नितळ. दाखवा बरं, पोरांनो, तुमचेही दंड. हां, आता माझा बघा. बघितलंत? मग पुढे ऐका.

म्हातारी म्हणाली, "या जागेला नव्वद वर्षांत ऊन लागलं नाही. वय जेवढं करतं ते एवढंच. तोंडावरचं उरलेलं सगळं उन्हानं केलंय. मिठागरात वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठावरून उसळलेलं ऊन. डोक्यावर काही घ्यायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

"आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघा?"

"त्या हसल्याच्या आणि रडल्याच्या. कापड रोज तिथंच दुमडलं की घडी पडते ना, तसंच. जिला चेहरा आहे तिला त्या पडणार."

"लेप काढा, आजी."

"मला नाही काढता येत. हसू तू आपल्या हातानं दिलंस. सुरकुत्या चालतील असं मनापासून म्हण, मग ते परत येईल."

राणी म्हणाली, "मला सुरकुत्या चालतील." पण मनात आरसा होता. काही झालं नाही. मग तिनं डोळे मिटून पोवळीला आठवलं आणि म्हणाली, "चालतील." कपाळावर एक बारीक तडा गेला. मग तिला गोमा आठवला, न बोलता वळून गेलेला. ती ओरडली, "पडू देत हव्या तेवढ्या! मला माझ्या माणसांशी बोलायचंय!" आणि कडकड आवाज झाला. वाळलेल्या चिखलासारखा लेप फुटला आणि खाली पडला.

आतली कातडी लालेलाल, पोळलेली. म्हातारीनं खोबरेल लावलं. म्हणाली, "महिनाभर चुरचुरेल. आणि बाई, तिनाच्या पाच झाल्यात हं रेघा." राणी खळाळून हसली. इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं.

राणी घरी आली, तेव्हा पोवळी दाईच्या मागं लपली. राणीनं नाक वर करून दाखवलं. पोवळी आधी नुसती बघत राहिली. मग धावत आली आणि तिनं आईच्या दोन्ही गालांना हात लावले.

मग राणी गोमाकडे गेली. म्हणाली, "चूक माझी होती." आणि बांध घालायला लोकांबरोबर स्वतः चिखलाच्या पाट्या उचलल्या. डोक्यावर माडाच्या झापांची मोठी टोपी घालून! तिनं मिठागरातल्या प्रत्येकाला तशी टोपी दिली. डोक्यावर सूर्य आला की काम बंद, सावलीत बसायचं, असा हुकूम काढला. झिपरच्या नावेवर कापडाचं छत घातलं. आवडीनं चिलीम सोडली. म्हणजे तीनदा सोडून परत धरली आणि चौथ्यांदा सोडली ती कायमची.

राणी घोड्यावर बसायची ती सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. तोंडाला तेलाचं बोट लावायची, वेळेवर झोपायची. चाळिशी आली, साठी आली, सत्तरी आली. सुरकुत्या आल्या, पण सावकाश आल्या. एकदा शेजारच्या राज्याची राणी आली आणि हळूच कानात म्हणाली, "तुम्ही चेहऱ्याला लावता तरी काय?"

केतकावली म्हणाली, "सावली."

त्या राज्यात पुन्हा बांध फुटला नाही, कारण कोणाचंच काही सांगायचं राहून गेलं नाही. सगळी सुखानं नांदली. तशीच तुम्हीही नांदा. चला, पाय आत घ्या, पांघरूण ओढा, डोळे मिटा. कातडी काय ती झोपेतच भरून निघते. मिटलेत ना? झोपा आता.