रिकामी खुर्ची

दर्याची शपथ, ही गोष्ट खरी आहे, मी तिथेच होतो. म्हणजे नव्हतो, पण जो होता त्याच्या पंगतीला जेवलोय.

किनाऱ्याच्या नव्या आराखड्यावर कोळीवाड्यात सुनावणी भरली होती. फुलाबाय ज्या वाळूवर बोंबील सुकवायची, तीच हॉटेलसाठी सोडलेली. वाळू गेली की तिचा धंदा बुडालाच!

अध्यक्ष दळवीसाहेब गुबगुबीत खुर्चीतून उठून माइकपाशी गेले. "भर पावसाळ्यात मी स्वतः पाहणी केली. वाळूवर चिटपाखरू नव्हतं. जागा रिकामी आहे!"

फुलाबाय तरातरा मंचावर चढली आणि साहेबांच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"अहो बाई, उठा! खुर्ची माझी आहे!"

"मी पन पाहनी केली, सायबा. कुनीच नव्हतं."

"मी बोलायला उठलोय. आत्ता परत येणार!"

"मंग आमचं बोंबील पन पाऊस सरल्यावर परत येनार. पावसात कुनी मासली सुकवतं काय?"

मंडप हसून लोळला. आराखड्यात 'मासळी सुकवण्याची जागा' असं लिहीपर्यंत साहेब उभेच!

आता कबूल करतो. टाळ्यांचा कडकडाट झाला असं मी गावोगाव सांगतो, ते रचलेलं आहे. सगळ्यांनी पोटं धरलेली, टाळीला हात मोकळे होते कुणाचे?