दुभाष्याची साक्ष

फार पूर्वी, कोकणच्या किनाऱ्यावर फिरंग्यांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी एक लहानसा किल्ला होता आणि त्या किल्ल्यात एक दुभाषा होता. फिरंगी कप्तान आपल्या भाषेत बोले, गावकरी आपल्या भाषेत बोलत, आणि दोघांच्या मध्ये सरकारी लाल टोपी घालून हा उभा असे. कामच असं की दिवसभर बोलायचं, पण स्वतःचं काही बोलायचं नाही. घरी आला की तो गप्पच बसे. लग्न नुकतंच झालं होतं. बायको म्हणे, "अहो, तुम्हाला दोन भाषा येतात म्हणून बाबांनी मला इथे दिलं. त्यातली एखादी घरी वापरा की!"

हा दुभाषा लहान असताना त्याचे आईबाप साथीत गेले होते. तेव्हा याच किल्ल्यातल्या एका तरुण फिरंगी शिपायाने त्याला खांद्यावर घालून आत आणलं, आपल्या वाटणीची पेज पाजली, आपली भाषा शिकवली. पुढे तो शिपाई लढायांवर गेला, मोठा झाला, आणि कप्तान होऊन त्याच किल्ल्यावर परतला. आल्या आल्या त्याने त्या पोराला शोधून काढलं आणि लाल टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

कप्तान माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्याने नवा बुरूज बांधायला घेतला आणि दगड वाहायला कोळ्यांचे मचवे नेले. तेही नारळी पौर्णिमा उलटल्यावर, ऐन मासेमारीच्या तोंडावर. कोळी गाऱ्हाणं घेऊन येत. पण दरबारची रीत अशी की आधी राजाचं गुणगान, मग कप्तानाचं, आणि उरलेल्या वेळात गाऱ्हाणं. गुणगान संपेपर्यंत जेवणाची घंटा वाजे. कप्तान खूश होऊन उठे आणि म्हणे, "किती मायाळू लोक आहेत हे!"

फिरंग्यांचा एक कायदा होता. कप्तानाची मुदत संपली की राजधानीहून न्यायाधीश येई, किल्ल्याच्या दारात बसे आणि डंका पिटून सांगे: या कप्तानाबद्दल ज्याला बरंवाईट बोलायचं असेल, त्याने बोलावं. बरं निघालं तर कप्तानाला मोठी जागा मिळे. वाईट निघालं तर बेड्या.

न्यायाधीश यायच्या आदल्या दिवशी किल्ल्याचा खजिनदार दुभाष्याच्या दारी आला. कप्तानाच्या खुर्चीवर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता.

"कोळी सांगतील, मचवे नेले," तो हळूच म्हणाला. "तू सांग, मचवे जाळले. एका शब्दाचा तर फरक! उद्या मी कप्तान झालो की मलाही दुभाषा लागणारच आहे."

तो गेल्यावर बायकोने विचारलं, "काय हवं होतं त्याला? भाषा नाही कळली, पण हसत होता फार. म्हणजे काहीतरी मागायलाच आला असणार."

दुभाषा काही बोलणार तोच कप्तानाचं बोलावणं आलं.

"पोरा," कप्तान म्हणाला, "उद्या लोक माझ्याविरुद्ध बोलतील असं कानावर येतंय. तू जरा मऊ करून सांग. तू मला मुलासारखा. मला बेड्या पडलेल्या बघवतील का तुला?"

दुभाष्याला हुंदका आवरेना. तो घरी आला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बायकोपाशी भडाभडा बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"उद्या तुमच्या तोंडून कोण बोलणार?" तिने विचारलं.

"कोळी."

"मग त्यांनाच बोलू द्या."

"आणि माझ्या मनात जे आहे त्याचं काय?"

"तेही बोला. पण वेगळं बोला. दोन कालवणं एका वाटीत ओतली की एकाचीही चव राहत नाही."

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या दारात गाव लोटलं. एक म्हातारी कोळीण पुढे आली. सवयीने राजाचं गुणगान सुरू करणार, तोच न्यायाधीशाने हात वर केला. "कामाचं बोला."

म्हातारी बोलू लागली. "माझा मचवा किल्ल्यावर नेला. मासळीचा हंगाम बुडाला. लेक पोटासाठी परमुलखात गेला. घरात मी आणि रिकामी जाळी."

कप्तानाने दुभाष्याकडे पाहिलं. खजिनदारानेही पाहिलं. दुभाष्याने म्हातारीचा शब्द न् शब्द फिरंगी भाषेत ठेवला, कमी नाही की जास्त नाही. कप्तानाचा चेहरा उतरला. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

खजिनदार घाईघाईने उठला. "सरकार, मचवे जाळले! विचारा तिला."

न्यायाधीशाने विचारायला लावलं. म्हातारी तडकली. "जाळले म्हणून कोणी सांगितलं? दगड वाहून वाहून फुटले! मी दुःख सांगायला आलेय, कुभांड रचायला नाही."

दुभाष्याने तिचा तडका घालवला नाही. खजिनदार खाली बसला.

"कप्तानाच्या बाजूने कोणी आहे?" न्यायाधीशाने विचारलं. कोणीच पुढे आलं नाही. तेव्हा दुभाष्याने टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि तो लोकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तिथून तो आपल्या भाषेत बोलला. कोळणींनी पदर डोळ्यांना लावले.

न्यायाधीश वैतागला. "अरे, पण मला कळणार कसं? घाल ती टोपी आणि सांग, हा माणूस काय म्हणतो!"

दुभाष्याने डोळे पुसले, टोपी घातली आणि रोजच्या सपाट आवाजात सांगू लागला. "हा माणूस म्हणतो, साथीत तो पोरका झाला. त्याला कोणी शिवत नव्हतं. तेव्हा या कप्तानाने त्याला खांद्यावर घेतलं. हा माणूस म्हणतो, म्हातारीचं सगळं खरं आहे. हेही खरं आहे."

"तुझ्या मते हा माणूस विश्वासाचा आहे का?"

"दुभाष्याचं मत विचारायचं नसतं, सरकार."

न्यायाधीशाला हसू आलं. मग त्याने निवाडा दिला. कप्तानाला बेड्या नाहीत, पण मोठी जागाही नाही. पदरचा खर्च करून त्याने प्रत्येक कोळ्याला मचवा बांधून द्यावा, मगच किल्ला सोडावा. कुभांड रचणाऱ्या खजिनदाराला कप्तानाची खुर्ची कधीच मिळू नये.

कप्तान बरेच दिवस दुभाष्याशी बोलला नाही. पण मचवे बांधायचे म्हणजे कोळ्यांशी बोलणं आलं, आणि दुभाष्यावाचून ते कसं जमणार? दोघे रोज किनाऱ्यावर जाऊ लागले. एका सकाळी म्हातारीचा नवा मचवा पाण्यात लोटत होते. ती कप्तानाकडे बघून काहीतरी ओरडली.

"काय म्हणते?" कप्तानाने विचारलं.

"म्हणते, नुसते उभे काय राहिलात, हात लावा!"

कप्तानाने दुभाष्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडून येतं ते तसंच्या तसं खरं असतं, हे त्याला आता पटलं होतं. त्याने अंगरखा काढला, चिखलात उतरला आणि मचव्याला खांदा लावला. शेजारी जागा ठेवून म्हणाला, "ये पोरा."

तात्पर्य: उपकार करणाऱ्यासाठी आपली साक्ष द्यावी, दुसऱ्याची साक्ष बदलू नये.