चार हात, तीन बोटं

हे सगळे मला बरोबर आठवते आहे की नाही अशी शंका मनात आहे, ती आधीच सांगून टाकलेली बरी. ही हकिगत मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या शेजारच्या यशवदामावशीकडून. त्यानंतर ती इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली की कोणता तुकडा कुणाचा, हे आता वेगळे काढता येत नाही. गावात पाहुणे आले की लोक मलाच पुढे करतात, कारण मी कॉलेजात इतिहास शिकवला. इतिहास शिकवलेल्या माणसाला आख्यायिका सांगताना जास्त भीती वाटते, हे त्यांना कोण सांगणार?

चिंचाळवाडीच्या दक्षिणेला, ओढ्याच्या दोन्ही अंगांना मातीचा एक बांध सुरू होतो आणि मध्येच थांबतो. त्याला आम्ही तळे म्हणतो. त्यात पाणी कधी साठलेले नाही. बांधाच्या पायथ्याशी एक चौकोनी खड्डा आहे आणि खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब उभा आहे. माथा सपाट, उंची माणसाच्या कमरेएवढी. त्याला शेंदूर नाही, झेंडा नाही. पाहुण्यांना ती कुणाची तरी समाधी वाटते. समाधी नाही. तो ठमाईचा साक्षीदार आहे.

असे सांगतात की, पणज्या-खापरपणज्यांच्या काळात इकडे लागोपाठ तीन वर्षे पाऊस पडला नाही. दावणी रिकाम्या झाल्या, मग पेवे, मग घरे. तेव्हा सरकारने या बांधाचे काम काढले. जो खणेल त्याला खायला मिळेल, अशी दवंडी फिरली आणि आसपासच्या गावांतली माणसे इथे गोळा झाली. त्यांना नांगर ठाऊक होता, कुळव ठाऊक होता. सरळ रेघेत खणणे कुणालाच ठाऊक नव्हते.

ते शिकवले आबाजीपंत नावाच्या कारकुनाने. बांधासाठी माती काढायची ती चौकोनी खड्डा करून. त्याला चौकडी म्हणायचे. चौकडी काटकोनात यावी म्हणून पंतांनी एका दोरीला सारख्या अंतरावर बारा गाठी मारल्या आणि ती तीन, चार आणि पाच गाठींच्या बाजू धरून ताणायला शिकवली. खणताना मधे एक खांब न खणता सोडायचा. खड्डा किती खोल गेला हे त्या खांबावरून मोजायचे; ठरलेले माप भरले की धान्य. तो साक्षीदार. आणि साक्षीदाराच्या डोक्यावरचे गवत कधीही उपटायचे नाही. गवत आहे म्हणजे ती मूळची जमीन. वर माती चढवून कुणी उंची वाढवलेली नाही.

वाडीच्या चौदा माणसांच्या टोळीत ही विद्या सगळ्यांत आधी उचलली ठमाबाईने. चाळिशीची विधवा, घरात एक सून, तीही सात महिन्यांची गरोदर. मुलगा त्याच उन्हाळ्यात गेलेला. ठमाबाईला विसाच्या पुढे मोजता येत नव्हते म्हणे, पण दोरी तिच्या हातात आली की कोपरा चुकत नसे. पंतांनी तिलाच टोळीची प्रमुख केली. दुसऱ्या टोळीतले पुरुष चेष्टा करत.

"ठमे, चौकडी खणतीस का रांगोळी काढतीस?"

"रांगोळी पुसती, दादा. ही पुसून दाव."

शेवटच्या चौकडीत मात्र तिने एक चूक केली. चूक म्हणायची की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही. आखलेल्या जागेच्या बरोबर मधे एक वारूळ होते. वारुळावर कुदळ घालायला कुणी धजेना. ठमाबाईला पाठचा भाऊ नव्हता, पुढचाही नव्हता. लहानपणापासून पंचमीला ती नागालाच भाऊ म्हणून ओवाळत आली होती. तिने ठरवले, साक्षीदार इथेच सोडायचा, वारुळासकट.

पंत आले, हसले.

"ठमाबाई, साक्षीदाराला पागोटं घातलंस की."

"पागोटं न्हाय, पंत. माझा भाव हाय त्यात."

"राहू दे भाऊ. मोजताना पागोटं सोडून मोजू."

एवढे बोलणे झाले. त्यानंतर सहाव्या दिवशी छावणीत पटकीची साथ शिरली आणि आबाजीपंत गेले. पागोटे सोडून मोजायचे हे ज्याला ठाऊक होते, असा सरकारकडचा तो एकच माणूस होता.

नवा कारकून आला. त्याचे नाव कुणालाच आठवत नाही. श्रावण शुद्ध चतुर्थीला, दुपारी, तो चौकडीत उतरला. आभाळ तेव्हाही कोरडेच होते. त्याने खांबाभोवती एक फेरी मारली.

"ह्याच्या डोक्यावर गवत कुठाय?"

"खाली हाय, सायेब. वर वारूळ हाय."

"खाली म्हणजे कुठं? पाताळात?"

त्याचा शिपाई हसला. ठमाबाई म्हणाली, "आबाजीपंतांनी बघितलंय."

"मग बोलाव आबाजीपंतांना."

त्याचे म्हणणे असे की, टोळीने माती थापून खांब उंच केला आहे आणि वर वारुळाचे सोंग आणले आहे. वारूळ पाडा; खाली गवताचा थर निघाला तर माप धरीन, आणि टोळी कामावर राहील. नाही निघाला, तर चौदाही जणांनी बांधावर पाय ठेवायचा नाही. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.

"उद्या पंचिम हाय, सायेब. उद्या मातीला लोखंड लावत न्हाईत."

"दुष्काळाला पंचमी नसते, बाई."

हे वाक्य तो खरेच बोलला, की पुढे कुणी त्याच्या तोंडी घातले, देव जाणे. पण सांगणारा प्रत्येक जण ते सांगतो.

दिवस कलायच्या आत टोळी चौकडीत बसली. ठमाबाईचा दीर म्हादबा म्हणाला, "वहिनी, पाडू नगा. दुसरीकडं काम बघू."

"दुसरीकडं कुठं, भावजी?"

म्हादबाने वाटेकडे पाहिले. पश्चिमेकडून येणाऱ्या माणसांचे तांडे तो रोज बघत होता. त्यांनाही दुसरीकडेच जायचे होते.

मग सून, हिरा, जवळ सरकली. तिने सासूचा पदर धरला. "आत्याबाई, नगा हो. माझ्या पोटाकडं तरी बघा."

"तुझ्या पोटाकडंच बघती, बाये," ठमाबाई म्हणाली.

पंचमीच्या सकाळी तिने सगळ्यांना बांधाच्या पलीकडे घालवले. पाप लागायचे तर ते एकटीला लागावे, म्हणून. अंघोळीला पाणी नव्हते. ओली बोटे तिने डोळ्यांवरून फिरवली आणि वारुळापुढे उभी राहिली. तिने काय नवस केला तो ऐकायला कुणी नव्हते, तरी गावाला तो पाठ आहे: "भावा, माप हुईपतुर मी हितनं हलत न्हाय. माप झालं की मला ने."

मग तिने कुदळ घातली.

यापुढे सांगणारे दोन वाटांनी जातात. काही म्हणतात, नाग बाहेर आला, तिच्या पायांवरून सरपटत गेला आणि बांधाआड दिसेनासा झाला. यशवदामावशी वेगळे सांगायची. वारुळात काहीच नव्हते. तळाशी एक जुनी कात होती, तीही बोट लागताच चुरली. ठमाबाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आमच्या आदी गेलास व्हय रे?" मला हे दुसरेच खरे वाटते. पण मला नेहमी वाईट तेच खरे वाटते, हेही लक्षात घ्यावे.

वारुळाची माती तिने हातांनी बाजूला केली. खाली गवत होते. पिवळे पडलेले, मेलेले, पण मुळांची जाळी घट्ट धरून बसलेले. पंतांनी शिकवले होते तसेच. तिने हाक मारली. टोळी धावत आली. तिने खांबाच्या पायथ्याशी कोपर टेकवले आणि बोटांच्या टोकापर्यंत एक हात धरला, मग दुसरा, तिसरा, चौथा. वर तीन बोटे उरली.

"चार हात, तीन बोटं!" ती ओरडली. "भरलं का?"

"भरलं!" चौदांपैकी तेरा जण म्हणाले. हिराही म्हणाली.

त्या संध्याकाळी कारकून आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी पाहिले तर माळावरचा त्याचा तंबू निघालेला, चार खुंट्यांची भोके तेवढी राहिलेली. धान्याच्या गाड्या येणे थांबले. कामावरच्या दुसऱ्या टोळ्या एकेक करून उठल्या. कुणी कुणाला काही सांगितले नाही. सांगण्यासारखे कुणाकडे काही नव्हते.

म्हादबाने आपली माणसे गोळा केली. ठमाबाई उठेना.

"वहिनी, चला आता. कोण येतंय मोजायला?"

"येईल की. आन मी न्हाय हितं, आन एखादी शेरडी धडकली खांबाला, मग? माप कशाचं दावायचं?"

"माप गेलं खड्ड्यात!"

"खड्ड्यातच हाय, भावजी," ती म्हणाली. टोळीतले दोघेतिघे हसले म्हणे. तेच त्यांचे शेवटचे बोलणे.

हिराने सासूच्या पायांवर डोके ठेवले आणि ती म्हादबाच्या मागोमाग निघाली. तिचे मूल वाटेत जन्मले आणि वाटेतच गेले. वारूळ पाडल्यामुळे की आईच्या पोटात अन्न नसल्यामुळे, यावर गावात अजून वाद होतो. दोन्ही बाजूंना आपली खात्री आहे. मला कसलीच नाही. ठमाबाई किती दिवस बसली? कुणी सात म्हणतात, कुणी अकरा. त्या वाटेने गेलेल्या धनगरांना ती दिसली तेव्हा ती खांबाला टेकून बसली होती, आणि तिचा एक हात वर, साक्षीदाराच्या माथ्याकडे, गवत झाकायला निघाल्यासारखा खांबाला धरून राहिलेला होता. त्यांनी तिला चौकडीतच माती दिली. साक्षीदाराला मात्र त्यांनी हात लावला नाही.

पुढे पाऊस पडला. चौदांपैकी पाच जण परत आले, त्यांत हिरा होती. त्यांच्याकडे बैल नव्हते, बियाणे नव्हते. बारा गाठींची दोरी होती. तेव्हापासून वाडीची माणसे मातीकामाला बाहेर जातात. कालवे, रस्ते, दूरदूरच्या धरणांचे पाये. चिंचाळवाडीची चौकडी ओळंब्यासारखी सरळ असते, असे लांबलांबचे मुकादम म्हणतात. दर मोठ्या दुष्काळात इथलेही काम पुन्हा निघते. चार-सहा आठवडे बांधावर माती पडते, पुढच्या पावसात ती वाहून जाते. गावाला तळे नाही. तळी खणणारी माणसे तेवढी भरपूर आहेत, आणि दिवाळी झाली की तीही गावात नसतात.

आजही नागपंचमीला आमच्याकडे नागाची पूजा होत नाही. सकाळी बायका चौकडीत उतरतात. सगळ्यांत वयस्क बाई साक्षीदाराच्या पायथ्याशी कोपर टेकवते आणि हात मोजू लागते. पावसाने खांब झिजत चालला आहे. मी लहान असताना तो माझ्या डोक्यावर होता, आता दोन हातांतच संपतो. तरी ती थांबत नाही. तिसरा आणि चौथा हात ती मोकळ्या हवेत धरते, वर तीन बोटे ठेवते आणि ओरडते, "चार हात, तीन बोटं! भरलं का?" बायका म्हणतात, "भरलं." मग सगळ्या जणी थोडा वेळ वाटेकडे पाहत उभ्या राहतात. कोणी येत नाही. आल्या तशा त्या घरी जातात.

यातले खरे किती, हे मी सांगू शकत नाही. एवढे मात्र सांगू शकतो. निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दुष्काळी कामांच्या जुन्या कागदांचे एक दप्तर मला पाहायला मिळाले. त्यात या बांधाचे काम बंद करण्याचा हुकूम होता. त्यावरची तारीख मी जुन्या पंचांगाशी ताडून पाहिली; विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली. ती आषाढ वद्य द्वादशी होती. ठमाबाईने वारुळावर कुदळ घातली, त्याच्या आठ दिवस आधीची.